मागे सरकवलेली तारीख

"यातलं काही पुसायचं नाही. आधी कबूल कर, मग रुमाल सोडते."

मगदूम बाईंनी हातरुमालात गुंडाळलेला फोन माझ्या काउंटरवर ठेवला होता आणि त्यावर स्वतःचा तळहात. सांगलीत पेठेच्या मागच्या गल्लीत माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक फोन आपटून आणतं, पाण्यात पाडून आणतं, वर तांदळाच्या डब्यात घालून आणतं. पण आधी वचन मागणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच बघत होतो. बाईंनी मला शाळेत गणित शिकवलं होतं. म्हणजे त्यांनी शिकवलं. मी शिकलो की नाही, हा भाग वेगळा. माझी उत्तरं हटकून चुकायची. बाई लाल पेनानं लिहायच्या, 'रीत बरोबर, उत्तर चूक', आणि अर्धे गुण द्यायच्या. त्या अर्ध्या-अर्ध्या गुणांवर मी वर्ग चढत गेलो, म्हणून बाई दुकानात आल्या की मी अजूनही स्टुलावरून उठून उभा राहायचो.

"कबूल," मी म्हणालो. "झालंय काय?"

"चौकातला तो शहाणा म्हणतो, डेटा क्लिअर करा, सगळं सुरळीत होईल. त्याच्या हातातनं हिसकावून आणलाय."

"बाई, तो काही वाईट सांगत नव्हता. आम्ही सगळे तेच सांगतो. सगळं पुसा आणि नव्यानं लॉगिन करा. बहुतेक फोन त्यानंच बरे होतात."

"आणि जे होत नाहीत?"

"त्यांचे मालक नवीन घेतात."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी रुमाल सोडला.

आत एक बुद्धिबळाचं अ‍ॅप होतं. सांगलीत बुद्धिबळाचं कौतुक नाही, इथं गल्लीगल्लीत कुणीतरी पट मांडून बसलेला असतो. पण बाई खेळतात हे मला माहीत नव्हतं. पटावर एक डाव अर्धवट मांडलेला होता. एका बाजूला लिहिलं होतं 'पाहुणा', म्हणजे बाई. दुसऱ्या बाजूला 'वाटसरू'. मध्येच वर एक लाल पट्टी यायची, 'पुन्हा लॉगिन करा', आणि पट गायब व्हायचा. अ‍ॅप बंद करून उघडलं की पट परत दिसायचा.

"कोण हे वाटसरू?"

"खेळणारं कुणीतरी." बाई काचेतल्या चार्जरांकडे बघत म्हणाल्या. "गेल्या वर्षी याच दिवसांत अनोळखी नंबरावरनं एक लिंक आली होती. 'खेळायला या' एवढंच लिहिलेलं. दाबली. नाव विचारलं नाही, नंबर विचारला नाही. पाहुणा म्हणून आत घेतलं."

"बाई, असल्या लिंका दाबून लोकांची बँकेतली खाती साफ होतात."

"माझ्या खात्यात पेन्शन आहे, ती आधीच साफ असते. तू फोन बघ."

मी बघितला. दुखणं कळायला वेळ लागला नाही. अ‍ॅपवाल्यांनी खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की पाहुण्यांची सोय लवकरच बंद होणार आहे. चालू डाव ज्याच्या-त्याच्या मुदतीपर्यंत खेळता येईल, पुढे खेळायचं तर नाव-नंबर देऊन नोंदणी करा. बाईंची मुदत सरत आली होती. म्हणून ती लाल पट्टी.

"मुदत कसली?"

"तुमच्या फोनमध्ये या अ‍ॅपनं एक कुकी ठेवलीय."

"बिस्किटाचा काय संबंध?"

"ते नाव ठेवणाऱ्याला ठाऊक. तुम्ही असं धरा, जत्रेत तंबूत शिरताना मनगटावर शिक्का मारतात ना? बाहेर जाऊन चहा पिऊन आलं तरी शिक्का दाखवला की परत आत. कुकी म्हणजे तो शिक्का. बाकीच्यांचं नाव वहीत असतं, त्यांचा शिक्का पुसला तरी नाव सांगून आत येता येतं. पाहुण्याचं नावच नाही. त्याचा शिक्का गेला की तो गेला."

"आणि डाव?"

"डावही."

बाई मला स्टूल सरकवायला सांगून बसल्या. "मग नोंदणी कर," त्या म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता. "करून बघ. माझ्या फोनवर नको. आधी दुसरीकडे."

गणिताच्या बाई. फळ्यावर लिहिण्याआधी कोपऱ्यात करून बघायची सवय. मी फळीवरचे दोन जुने फोन काढले, दोन्हींवर पाहुणा म्हणून शिरलो, आपापसात डाव लावला आणि एकावर नाव-नंबर देऊन नोंदणी केली. अ‍ॅपनं गोड भाषेत स्वागत केलं आणि कोरा पट दिला. अर्धवट डाव नाहीसा. दुसऱ्या फोनवर ओळ उमटली: 'समोरचा खेळाडू निघून गेला. तुम्ही जिंकलात.'

ती ओळ वाचून बाईंचा चेहरा उतरला. मला वाटलं, हरल्याचं वाईट वाटतंय.

"डाव गेला तर गेला, बाई. नवीन खातं काढू, माझ्या नंबरवर काढू हवं तर, आणि या वाटसरूला नव्यानं बोलावू."

"पाहुणा सांगितल्याशिवाय उठून गेला आणि मागनं दुसऱ्याच कुणी दार वाजवलं, तर उघडेल का कुणी?" बाई म्हणाल्या. "आणि समोरच्याला वाटता कामा नये, की मी उठून गेले. डाव हरू दे, मोडू दे. मी पटावरून उठून गेले असं दिसायला नको. तेवढं बघ तू."

मी अ‍ॅपवाल्यांना तक्रार लिहून पाठवली. तिला लगेच उत्तर आलं, की तुमची तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे. असली मोलाची पत्रं मला ओळखीची होती. मी हात टेकले.

बाई मात्र विचारात होत्या. "नजीर, शिक्क्यावर मुदत लिहिलेली असते म्हणतोस. ती बघतं कोण? ते लांबचे लोक?"

"नाही. तुमचा फोनच बघतो. त्याच्या घड्याळात तारीख उलटली की तो स्वतःच शिक्का टाकून देतो."

"म्हणजे दारवान आपल्याच घरचा आहे." बाईंनी चष्मा वर केला. "मग त्याला तारीख कळलीच नाही तर?"

खरं सांगतो, हे मला सुचलं नसतं. इतकी वर्षं या धंद्यात काढून सुचलं नसतं. बाईंनी फोन घेतला, सेटिंग कुठे आहे तेवढं विचारलं आणि स्वतःच्या बोटानं तारीख महिनाभर मागे नेली. अ‍ॅप उघडलं. लाल पट्टी नव्हती. पट जिथल्या तिथे.

"बाई, असं चालणार नाही," मी म्हणालो. "तारीख चुकली की व्हॉट्सअ‍ॅप उघडत नाही. बँकेचं चालणार नाही. बाकी पण काय-काय रुसून बसेल."

"व्हॉट्सअ‍ॅपवर मला येतं काय? सकाळी फुलं, संध्याकाळी दिवे. आता आमचं पर्व येईल, मग क्षमा येईल ढिगानं. एकानं पाठवायची, शंभरांनी पुढे ढकलायची. बंद पडलं तर डोळ्यांना आराम." त्यांनी फोन पुन्हा रुमालात गुंडाळला. "डाव संपला की तारीख जागेवर आणू."

गणपतीच्या दिवसांत जैनांचं दशलक्षण पर्व असतं. बाई रोज बस्तीत, म्हणजे त्यांच्या मंदिरात जायच्या, दिवसातून एकदाच जेवायच्या. येता-जाता दुकानात डोकावायला लागल्या. कधी फोनची काच पुसून मागायच्या, कधी आवाज कमी येतो म्हणायच्या. आवाज चांगला होता. मी चहा मागवायला लागलो की हातानंच नको म्हणायच्या.

एके दुपारी दुकानात कुणी नव्हतं. बाईंनी आपणहून फोन उघडून माझ्यापुढे धरला.

"हा घोडा बघ. बाहेर आला होता. परत घरी नेऊन बसवलाय."

"वाटसरूनं? मला बुद्धिबळातलं गणिताइतकंच कळतं, बाई."

"शिकलेला माणूस असं खेळत नाही. दोन चाली वाया जातात. सगळे हसायचे आम्हाला." बाईंनी पटावरनं नजर काढली नाही. "आमचे वडील, अण्णा, सांगायचे, जग हिंडून आलेला घोडा शहाणा होतो. त्याला एकदा बाहेर काढायचा आणि परत घरी आणायचा. असं खेळणाऱ्या दुनियेत दोघीच. मी, आणि माझी बहीण शशिकला."

मी स्टुलावर बसलो. बाईंपुढे बसलो, हे नंतर लक्षात आलं.

"इचलकरंजीला असते," त्या म्हणाल्या. "लिंक तिनंच पाठवली असणार. पहिल्याच डावात घोडा घरी आला तेव्हाच मी ओळखलं. मीही माझा नेऊन दाखवला. म्हणजे तिनंही ओळखलं असेल."

"मग फोन करायचा की सरळ."

"आम्ही बोलत नाही."

"कधीपासून?"

"तू जन्मला नव्हतास तेव्हापासून."

मग त्यांनी सांगितलं. लग्नाआधी दोघी स्पर्धा खेळायच्या. एकदा कोल्हापुरात शेवटच्या फेरीत दोघींची एकमेकींशी गाठ पडली. बरोबरी झाली असती तर दोघी पुढे पुण्याला गेल्या असत्या. अण्णांनी सकाळीच सांगितलं होतं, चार चाली खेळा आणि हात मिळवा. बहिणी-बहिणींत तसंच करतात, त्यात कुणाला काही वाटत नाही.

"मी पटावरनं हात पुढे केला," बाई म्हणाल्या. "तिनं तो घेतला नाही. हाताकडे बघितलं, आणि पुढची चाल खेळली. तिची बाजू चांगली होती. जिंकली. ती एकटी पुण्याला गेली. अण्णा म्हणाले, एकीनं तरी नाव काढलं, आता थोरलीचं लग्न उरकू. माझा पट माळ्यावर गेला."

"आणि तुम्ही?"

"मी हरल्यावर हात न देता उठून गेले. हरणाऱ्यानं हात द्यायचा असतो रे. सगळ्या हॉलनं बघितलं. तिनं हात घेतला नाही हे कुणीच बघितलं नाही. मी उठून गेले ते सगळ्यांनी."

मी म्हणालो, "बाई, इचलकरंजीची गाडी इथनं दिवसभर सुटते."

"ठाऊक आहे. पर्व संपलं की आमच्यात क्षमावाणी असते. ज्याच्याशी वाकडं आहे त्याच्या दारात जाऊन हात जोडायचे. आम्ही दोघी सगळ्या गावाची क्षमा मागून येतो, एकमेकींची सोडून. दर वर्षी मी दाराकडे बघत बसायची, आज येईल. ती तिकडं बसत असेल. धाकटीनं यायचं की थोरलीनं, यातच केस पिकले." त्यांनी फोन बंद केला. "आता रोज बोलतो बघ. सकाळी एक चाल, संध्याकाळी एक चाल. बास की."

आणि निघताना दारात थांबून म्हणाल्या, "हल्ली तर लगेच चाल येते तिची. मी खेळले की दोन मिनिटांत. पूर्वी दिवस-दिवस लावायची. बहुतेक तिलाही करमत नाही."

बाई इतक्या खुशीत मी कधी बघितल्या नव्हत्या. शाळेत पैकीच्या पैकी मिळवणाऱ्या पोराकडेही त्या अशा बघायच्या नाहीत.

अनंतचतुर्दशी झाली, गणपती गेले. दोन दिवसांनी बाई आल्या त्या हात जोडूनच. "उत्तम क्षमा, नजीर. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा कर." हे त्या दर वर्षी न चुकता करायच्या.

"सहामाहीला नापास केलंत तेवढं सोडलं तर काही नाही," मी म्हणालो.

"त्याची क्षमा नाही. ते रास्त होतं." आणि मग आवाज खाली आणून, "काल क्षमावाणीला तिनं बरोबरी मागितली."

"कुणी? वाटसरूनं?"

"आधी घोडा घरी नेऊन बसवला आणि खाली आलं, 'समोरच्या खेळाडूला बरोबरी हवी आहे. मान्य? नको?' घरात मी एकटी. बसून राहिले बघ किती तरी वेळ. एवढी वर्षं दाराकडं बघितलं आणि ती आली ती अशी."

"मग झालं की बाई. केलंत ना मान्य?"

"नको दाबलं."

मी बघतच राहिलो.

"असा बघू नकोस. सूड म्हणून नाही दाबलं." बाईंनी काउंटरवर बोट टेकवून, फळ्यावर समजावून सांगावं तसं सांगितलं. "मान्य म्हटलं असतं तर डाव संपला असता. पाहुण्यांची सोय आता बंदच झाली, नवा डाव मिळत नाही. डाव संपला की मी बाहेर, ती आत. मग परत आपलं दाराकडं बघत बसायचं. अजून पटावर पुष्कळ सोंगट्या आहेत. दिवाळीपर्यंत सहज चालेल. तोवर बोलत राहू. एकदा मागितलीय म्हणजे परत मागेल. परत मागेल तेव्हा मी देईन, आणि त्याच दिवशी गाडीत बसून इचलकरंजीला जाईन. आता जायला काही वाटणार नाही. आधी ती आली ना."

यात चूक काय काढायची? मी तर काही काढू शकलो नाही. त्या दिवशी मी आग्रहानं चहा पाजला, आणि पर्व संपल्यामुळे त्यांनी घेतला.

त्यानंतर बाई आल्या त्या फोन उघडाच हातात घेऊन. रुमाल नव्हता.

"कुकी बिघडली बघ. चाल येत नाही."

"कधीपासून?"

"मी नको म्हटलं, माझी चाल खेळले, तेव्हापासून. माझी चाल पोचलीच नसणार. तारखेचा घोळ झाला असेल. बघ तू."

मी बघितलं. अ‍ॅप बंद करून उघडलं. फोन बंद करून चालू केला. माझ्या दुकानाचं वायफाय लावलं, काढलं. शिक्का जागेवर होता. बाईंची चाल गेलेली होती. तिच्याखाली स्वच्छ लिहिलं होतं, 'वाटसरूची पाळी'. कुठेही काही बिघडलं नव्हतं. या धंद्यात इतकं निरोगी दुखणं माझ्या हातात कधी आलं नव्हतं.

"तुमच्या फोनमध्ये काही नाही, बाई."

"मग रुसली असेल."

"असेल."

पुढचं जे डोक्यात आलं ते मी बोललो नाही, पण बाई गणिताच्या होत्या. चाली लगेच यायला लागल्या, त्याची मांडणी त्यांनी मनात पुन्हा केली असावी. माणूस दिवसभर फोन हातात धरून कधी बसतो?

"व्हॉट्सअ‍ॅपवर आमच्या घरच्यांचा ग्रुप आहे," त्या हळू म्हणाल्या. "त्यावर काही असेल का?"

"तारीख बरोबर लावल्याशिवाय उघडणार नाही."

"आणि तारीख लावली तर शिक्का जाईल."

"जाईल. फोन टाकून देईल लगेच."

बाईंनी पटाकडे बघितलं. घोडा घरात बसलेला होता. मग त्यांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि तारीख स्वतःच पुढे आणली, मागे नेली होती तशीच, एकेक बोट फिरवत.

फोन वाजायला लागला. एकामागून एक मेसेज येत राहिले, थांबेनात. क्षमेचे हात, कमळं, दिवे, उत्तम क्षमा, उत्तम क्षमा. त्या ढिगातून बाई बोटानं खाली-खाली सरकत होत्या. एका ठिकाणी थांबल्या आणि मोठ्यानं वाचलं, वर्गात एखाद्याची वही वाचून दाखवावी तसं, कोरड्या आवाजात.

"'मावशी, आईच्या काळजाचं दुखणं वाढलंय. मिरजेला आणून दाखल केलंय. तू ये.' सन्मतीचा आहे. शशीची मुलगी." मग खालचा. "'मावशी, मेसेज पोचतोय का?'" मग त्याच्या खालचा, तो त्यांनी वाचला नाही. फोन माझ्याकडे वळवला.

'आई आज सकाळी गेली.' क्षमावाणीच्या दुसऱ्या दिवसाची तारीख होती. ज्या दिवशी आम्ही चहा घेतला, त्या दिवसाची.

"मिरजेला होती?" बाई म्हणाल्या. "एवढ्या जवळ? सिटी बसनं गेले असते रे मी. चालत गेले असते."

मी पाणी दिलं, ते त्यांनी हातात धरलं नुसतं. थोड्या वेळानं त्यांनी अ‍ॅप उघडलं. पट नव्हता. पांढऱ्या पडद्यावर एकच ओळ होती, 'पुन्हा लॉगिन करा'.

मग बरेच दिवस बाई दिसल्या नाहीत. आल्या तेव्हा बरोबर तिशीतली एक मुलगी होती. चेहरेपट्टी बाईंचीच.

"ही सन्मती," बाई म्हणाल्या. "हिच्या आईचा फोन आहे. हिला तो कोरा करून हवाय, हिच्या वडिलांना द्यायचाय. मी म्हटलं, आपल्या ओळखीचं दुकान आहे."

मी फोन चालू केला. कोरं करायच्या आधी काही ठेवायचंय का, हे विचारायची आमची रीत आहे. मी विचारलं. सन्मती म्हणाली, "फोटो काढून घेतलेत, दादा. ते बुद्धिबळ तेवढं उघडून बघा. आई त्यावरच असायची."

मी उघडलं. वाटसरूचं खातं. नाव-नंबर घालून काढलेलं, पक्कं. पटावर सोंगट्या जशाच्या तशा होत्या आणि मधोमध ओळ: 'समोरचा खेळाडू निघून गेला. तुम्ही जिंकलात.'

मी फोन पालथा घालायला गेलो, पण बाईंनी वाचलं होतं.

"तुझा मेसेज मला नंतर मिळाला," त्या सन्मतीला म्हणाल्या. हे त्यांनी आधीही सांगितलं असणार. तरी पुन्हा सांगितलं.

"एकच टिक दिसायची, मावशी. मला वाटलं, तू मला ब्लॉक केलंस. ग्रुपवरही टाकलं होतं. सगळे म्हणाले, रत्नाक्काला कळवलंय, यायचं असेल तर येईल, आपण मध्ये पडायला नको. मी तरी फोन करणार होते. आईनंच अडवलं."

"का?"

"म्हणाली, राहू दे. आम्ही बोलतोय की रोज."

बाईंनी काउंटरची कड धरली. मी स्टूल पुढे केलं, त्या बसल्या नाहीत.

"क्षमावाणीच्या दिवशी तिला बरं वाटत होतं," सन्मती सांगत होती. तिला थांबवावं असं मला वाटत होतं आणि थांबवता येत नव्हतं. "उशाशी बसवून मला दाखवलं, बघ, बरोबरी मागतेय. आज अक्का नाही म्हणणार नाही. संध्याकाळी 'नको' आलं. मला इतका राग आला, मावशी, खरं सांगते. पण आई हसली."

"हसली?"

"हो. म्हणाली, बरोबर केलं अक्कानं. मी तरी कुठं तिचा हात घेतला होता? आता फिटलं."

रस्त्यावरून कुणाची तरी रिक्षा वाजत गेली. बाई त्या फोनकडे बघत होत्या. बोलल्या त्या सन्मतीशी नाही, माझ्याशीही नाही.

"फिटलं नाही गं. मी फेड नव्हते करत. मला तू हवी होतीस अजून."

सन्मती रडायला लागली. बाई रडल्या नाहीत. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

"नजीर, 'निघून गेला' एवढंच पुसता येतं का? बाकी सगळं तसंच ठेवून?"

"नाही, बाई. पुसलं तर सगळंच जातं."

"मग राहू दे. काही पुसू नकोस. हिच्या वडिलांना मी दुसरा फोन घेऊन देते."

याला आता पुष्कळ वर्षं झाली. लॉगिनची तक्रार घेऊन कुणी आलं की मी अजूनही त्याच्या फोनची तारीख आधी बघतो. सवय लागली आहे. त्या दुपारी बाईंनी पिशवीतून तो जुना हातरुमाल काढला, बहिणीचा फोन त्यात ठेवला आणि घडी घालता-घालता माझ्याकडे न बघता विचारलं,

"रीत बरोबर होती ना रे?"

"होती, बाई," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि रुमालाला गाठ मारली.